किडनीचा आजार झालेल्या मांजराला खायला काय घालावं? (शेंगीने पथ्याकडे पाठ फिरवली आहे)

भवानी पेठ | २८ एप्रिल, रात्री १०.४०

मंडळी, थोडं लांब होणार आहे, सांभाळून घ्या.

आमची शेंगी. भाजलेल्या शेंगदाण्याचा रंग, म्हणून शेंगी. गड्ड्याच्या जत्रेतून परत येताना पाळण्यांच्या मागे केकाटत बसलेली सापडली होती. त्यामुळे तिचं वय आम्ही गड्ड्यावर मोजतो. येत्या संक्रांतीला चौदा पूर्ण.

शिवरात्रीपासून पाणी फार प्यायला लागली. आम्ही म्हटलं, सोलापूरचा उन्हाळा, कोण नाही पीत? वाळूच्या ट्रेमध्ये लघवीचे गोळे लिंबाएवढे असायचे, ते मोसंबीएवढे झाले, तरी आमची ट्यूब पेटली नाही. पाठीचे मणके हाताला लागायला लागले तेव्हा दवाखान्यात नेलं. वजन ३.९ किलोवरून ३.१. रक्तात क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की साठतो तो कचरा) ३.४, फॉस्फरस ६.८. डॉक्टर म्हणाले, किडनी, तिसरी पायरी. बरी होणार नाही, पण सांभाळता येईल. किडनीचं वेगळं खाणं लिहून दिलं. ते पुण्याहून मागवलं. दोन किलोच्या पिशवीचे पैसे ऐकून ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

शेंगीने वास घेतला आणि वाटीभोवतीची फरशी खरवडायला लागली. शी झाकतात तशी! चार दिवस झाले. पहिल्या दिवशी आठ-दहा दाणे खाल्ले असतील. कालपासून दोन-चारच्या वर नाही.

ह्यांचं म्हणणं, भूक लागली की झक मारत खाईल. सासूबाईंचं म्हणणं, म्हातारीला आवडीचं खाऊ द्या, किती दिवस राहिलेत. प्रोटीन कमी करायचं असेल तर दूध-भाकरी काय वाईट, असंही त्या म्हणतात. आजवर ती उकडलेला चिकन खिमा, रविवारी कलेजी आणि बाजारातलं साधं कोरडं कॅटफूड खायची.

पथ्यावर अडून बसायचं की आवडीचं घालायचं? अनुभव असलेल्यांनी सांगा.

माऊची मावशी | २८ एप्रिल, रात्री ११.०५

बाकी सगळं नंतर. आज रात्रीच खिमा घाला.

"भूक लागली की खाईल" हे कुत्र्याला, मुलांना आणि नवऱ्याला लागू पडतं, मांजराला नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात जाऊन बसते आणि किडनीच्या आधी यकृतच घात करतं. माझा पहिला बोका असाच गेला. मी "नखरे करतोय" म्हणत बसले होते.

कडक भाकरी | २८ एप्रिल, रात्री ११.१२

नवऱ्यालाही लागू पडत नाही. घरी पडवळ असलं की मी सात रस्त्यावर वडापाव खाऊन येतो आणि "भूक नाही" म्हणतो.

भवानी पेठ | २८ एप्रिल, रात्री ११.४०

मावशी, घातला. बोटाने भरवला तेव्हा चार घास खाल्ले. ह्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. गप्प आहेत.

गोठ्यातला डॉक्टर | २९ एप्रिल, सकाळी ६.१५

मी पशुवैद्य आहे, पण माझं बरंचसं आयुष्य मंगळवेढा-सांगोल्याकडच्या गोठ्यांत गेलं. मांजरं अलीकडे यायला लागली. तुमच्या डॉक्टरांनी शेंगीला प्रत्यक्ष पाहिलंय, त्यामुळे अखेरचा शब्द त्यांचा. मी का आणि कसं एवढंच सांगतो.

किडनीचा दोन तृतीयांश भाग निकामी होईपर्यंत मांजर काही दाखवत नाही. त्यानंतर लघवी घट्ट करायची ताकद जाते. लघवी पातळ आणि भरपूर होते, आणि ती तूट भरून काढायला मांजर पाणी पितं. साधारण तीन चतुर्थांश भाग गेला की क्रिएटिनिन चढतं. म्हणजे पाणी पितेय म्हणून लघवी जास्त होत नाही, लघवी जास्त होतेय म्हणून पाणी पितेय. पाणी कधीही कमी करू नका. असं करणारे लोक मी पाहिलेत, म्हणून सांगतो.

आता खाण्याचं. सगळे प्रोटीन, प्रोटीन करतात, पण खरा शत्रू फॉस्फरस. किडनी तो बाहेर टाकू शकत नाही, रक्तात साठतो, त्याने एक हार्मोन वाढतं, हाडं झिजतात आणि उरलेली किडनी आणखी वेगाने खराब होते. तिसऱ्या पायरीला तो ५ च्या खाली असावा अशी अपेक्षा असते. शेंगीचा ६.८ आहे. किडनीच्या खाण्यात मुख्य फरक हाच. साध्या कोरड्या खाण्यात पाण्याचा अंश वगळून १ टक्का किंवा त्याहून जास्त फॉस्फरस असतो, ह्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास. प्रोटीन कमी असतं पण चांगल्या प्रतीचं, मीठ बेताचं, आणि ओमेगा-३ घातलेलं असतं.

दूध-भाकरीचं आजींना समजावून सांगा. मांजर शंभर टक्के मांसाहारी प्राणी. टॉरिन नावाचा पदार्थ त्याला मांसातूनच मिळतो, शरीरात पुरेसा तयार होत नाही. तो कमी पडला की डोळ्याचा पडदा आणि हृदय दोन्ही जातात. शिवाय मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब झाले की आधीच सुकलेल्या शरीरातलं पाणी आणखी जातं. आणि दुधातही फॉस्फरस असतोच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिला मळमळत असताना नवीन खाणं पुढे करू नका. वाटीपाशी येते, वास घेते, ओठ चाटते, मान फिरवते, असं करते का? ती मळमळ आहे. त्या वेळी समोर जे असेल त्याचा तिला कायमचा तिटकारा बसतो. आपल्याला कावीळ झालेली असताना जे खाल्लं त्याचा वास वर्षानुवर्षं नकोसा वाटतो ना, तसंच. आधी डॉक्टरांकडून उलटीचं आणि भुकेचं औषध घ्या, तब्येत जरा सावरू द्या, पिशवी महिनाभर कपाटात ठेवा. तोंडही बघायला सांगा. किडनीच्या मांजरांना हिरड्यांवर फोड येतात, मग खाणं दुखतं. पोटॅशियम आणि रक्तदाबही तपासून घ्या.

बोका | २९ एप्रिल, सकाळी ९.००

वाचतोय. डॉक्टरांचा प्रतिसाद साठवून ठेवला.

होटगी रोड | २९ एप्रिल, सकाळी ११.२०

थोडा विरोधी सूर लावतो. आमच्या मनीने किडनीचं खाणं एक दाणाही खाल्लं नाही. तीन कंपन्यांची आणली, ओली-कोरडी सगळी. शेवटी गल्लीतल्या कुत्र्यांची चंगळ झाली. आम्ही साधं उकडलेलं चिकन आणि त्यात डॉक्टरांनी दिलेली फॉस्फरस धरून ठेवणारी पावडर, एवढ्यावर तिला सव्वादोन वर्षं काढली. मजेत गेली. पथ्याचं फार अवडंबर माजवलं जातं असं माझं स्पष्ट मत. कंपन्यांचा धंदा.

आकडेमोड | २९ एप्रिल, दुपारी १.३०

@होटगी रोड, धंदा आहेच, पण त्यावर अभ्यासही झालेत. २००० साली इंग्लंडमध्ये ५० मांजरांचा एक अभ्यास छापून आला. ज्यांनी पथ्याचं खाणं स्वीकारलं ती निदानानंतर सरासरी ६३३ दिवस जगली (काटेकोर सांगायचं तर मध्यक), ज्यांनी नाकारलं ती २६४ दिवस. दुपटीहून जास्त.

होटगी रोड | २९ एप्रिल, दुपारी १.५२

"ज्यांनी नाकारलं." इथेच गोम आहे की! जी जास्त आजारी तीच खायला नाकारणार, आणि तीच लवकर जाणार. खाण्याने जगली की जगणारी होती म्हणून खाल्लं?

आकडेमोड | २९ एप्रिल, दुपारी २.१५

मुद्दा रास्त. म्हणूनच २००६ चा अमेरिकेतला अभ्यास बघायचा. तिथे ४५ मांजरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटली होती, कुणाला कोणतं खाणं चाललंय हे मालकालाही माहीत नव्हतं. दोन वर्षांत साध्या खाण्याच्या गटातल्या २६ टक्के मांजरांना अंगात विष भिनण्याचा झटका येऊन गेला. पथ्याच्या गटात एकालाही नाही. ४५ म्हणजे फार मोठा आकडा नाही हे मान्य. पण तुमच्या घरातल्या एकापेक्षा ४४ ने जास्त आहे. (दिवे घ्या.)

होटगी रोड | २९ एप्रिल, दुपारी २.२०

घेतले. पण माझी मनी त्या ४५ मध्ये असती तर अभ्यास सोडून निघून गेली असती.

टॉवेलवाले | २९ एप्रिल, संध्याकाळी ७.४५

आमच्या कारखान्यात उंदरांसाठी म्हणून मांजरं ठेवायचे वडील, आता ती घरचीच झाली. आमची अम्मा त्यांना पिल्ली म्हणते. तेलुगूत मांजर म्हणजे पिल्ली. एकदा शेजारच्या काकूंना "पिल्ली आजारी आहे" सांगितलं तर त्या कुत्र्याच्या पिल्लांसाठी दूध घेऊन आल्या. पलीकडे कानडी घर, त्यांचं बेक्कू. आमच्या बोळात एकाच मांजराला तीन भाषेत हाकलतात आणि ते कुणाचंच ऐकत नाही.

तर मुद्द्याचं. आमच्या काळ्याला चामडीखाली सलाईन देत होतो घरी. भिंतीवर कॅलेंडरचा खिळा होता त्याला बाटली टांगायची, मानेच्या मागची कातडी चिमटीत धरायची, तंबू होतो बगा तसा, त्यात सुई. डॉक्टरनी १०० मिली सांगितलेलं. काळ्याला आपल्या टेरी टॉवेलात गुंडाळायचा, नुसतं तोंड बाहेर. चादरीत नको, चादर घसरते. टॉवेल धरून ठेवतो. सोलापूरच्या मालाची जाहिरात समजा हवं तर.

सलाईननंतर दोन तासांनी खायचा. न दिलेल्या दिवशी तोंड लावायचा नाही. तुमची बी सुकली असंल तर खाणं बदलूलालाव म्हणून खाईल असं नाही, आधी पाणी भरा अंगात.

गोठ्यातला डॉक्टर | २९ एप्रिल, रात्री ९.१०

टॉवेलवाल्यांना अनुमोदन. फक्त सलाईन किती आणि किती दिवसांनी हे डॉक्टरांनीच ठरवायचं. हृदय कमजोर असेल तर तेच पाणी छातीत साठतं.

रातराणी | ३० एप्रिल, सकाळी १०.३०

आयुर्वेदात गोखरू आणि पुनर्नवा किडनीसाठी सांगितलंय. माझ्या काकांना फरक पडला. काढा पातळ करून द्यायला काय हरकत?

गोठ्यातला डॉक्टर | ३० एप्रिल, दुपारी १२.०५

काकांना देत राहा. मांजराचं यकृत वेगळं. आपलं यकृत ज्या मार्गाने बरीचशी औषधं निकामी करतं तो मार्ग मांजरात जवळजवळ बंद आहे. म्हणूनच पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते. माणसाला चाललं म्हणून मांजराला चालेल हा हिशेब कशालाच लावू नका. वनस्पतींनाही नाही.

कडक भाकरी | ३० एप्रिल, दुपारी १२.३०

अवांतर: माझंही क्रिएटिनिन जरा वर आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलं. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "मग लोणचं कमी खा." संपलं. इथे मांजराच्या फॉस्फरसवर वीस प्रतिसाद. पुढचा जन्म भवानी पेठेत मांजराचा मिळो.

भवानी पेठ | ३० एप्रिल, रात्री ९.३०

@कडक भाकरी, या. पण वाळूत जावं लागेल.

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांकडे परत नेलं. हिरडीवर खरंच एक फोड होता, आणि ओठ चाटते हे आम्ही "भूक लागली" समजत होतो. उलटीचं औषध सुरू केलं, भुकेची गोळी एक दिवसाआड, सलाईन आठवड्यातून दोनदा. पिशवी माळ्यावर ठेवली. सध्या खिमा. आता तोपर्यंत खिमा कसा द्यावा ते सांगा. कलेजी बंद करू का? मासे? अंडं?

माऊची मावशी | ३० एप्रिल, रात्री १०.१५

कलेजी पूर्ण बंद नाही तरी चिमटीएवढी, तीही फक्त भूक चाळवायला. चिकनच्या छातीच्या मांसात १०० ग्रॅमला साधारण २०० मिलिग्रॅम फॉस्फरस, कलेजीत ३०० च्या घरात. अंड्याचा पिवळा बलक तर ४०० च्या जवळ! पण पांढऱ्यात फक्त १५. म्हणून मी उकडलेल्या अंड्याचं पांढरं किसून खिम्यात मिसळायची, खिम्याच्या पाव हिश्शाएवढं. प्रोटीन मिळतं आणि फॉस्फरस वाढत नाही. पिवळं आमच्या ह्यांना.

हाडं कुटून घालायची सवय असेल तर आधी ती सोडा. हाड म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरसच. माशांत उजनीची चिलापी, काटे काढून, कधीतरी. सुकट-बोंबील मात्र अजिबात नाही. मीठ आणि फॉस्फरस दोन्ही ठासून.

आणि घरातल्या रश्शातली फोड धुऊन घालतात बरेच जण. धुतली तरी कांदा-लसूण आत मुरलेला असतो, मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात त्याने. किडनीच्या मांजराचं रक्त आधीच कमी असतं. आपल्या शेंगा चटणीचं बोटही नको. लसूण असतो तिच्यात.

सातरस्ता | १ मे, सकाळी ८.२०

चिकन उकडून पाणी फेकायचं की सूप म्हणून द्यायचं? दोन डॉक्टरांनी दोन सांगितलं.

गोठ्यातला डॉक्टर | १ मे, दुपारी ३.००

दोघंही बरोबर, म्हणून पंचाईत. उकडताना काही फॉस्फरस पाण्यात उतरतो, म्हणून ते फेकावं. टॉरिनही त्याच पाण्यात उतरतं, म्हणून ते फेकू नये. मी असं सांगतो: लहान तुकडे करून उकडा, पाणी ओतून टाका, आणि टॉरिन वेगळं द्या, किती ते डॉक्टरांना विचारून. वासापुरता चमचाभर रस वर घातला तर आभाळ कोसळत नाही. बाजारातले सूपचे क्यूब मात्र नकोत, मीठ आणि कांदा.

आणि फक्त चिकन-अंडं हा कायमचा आहार नव्हे. त्यात कॅल्शियम नाही, इतर बरंच काही नाही. महिना-दोन महिन्यांचा पूल म्हणून ठीक.

फॉस्फरस धरून ठेवणाऱ्या औषधाबद्दल: ते खाण्यात मिसळूनच द्यायचं. उपाशीपोटी दिलं तर धरायला काही नसतं, फुकट जातं. औषधाच्या दुकानातून ॲसिडिटीची गुलाबी बाटली आणून "फॉस्फरस धरणारं ॲल्युमिनियम ह्यात पण आहे" म्हणून पाजू नका. मॅग्नेशियम, गोडी, वास, बरंच काही असतं त्यात.

तिरकस | १ मे, दुपारी ४.४०

नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात मांजराचं सलाईन, मांजराचं टॉरिन. चालू द्या.

टॉवेलवाले | १ मे, दुपारी ५.०२

पाणी येत नाही म्हणून मांजर मारायचं का बे?

माऊची मावशी | १ मे, संध्याकाळी ६.३०

तिरकसांना राहू द्या, पण पाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. पिंपात चार दिवस साठलेलं पाणी आमची शामा पीत नसे. वास येतो म्हणे. ताजं पाणी आलेल्या दिवशी मात्र पोट फुटेपर्यंत प्यायची. मग मी पाणी आलेल्या दिवशी दोन बाटल्या वेगळ्या भरून मातीच्या माठात ओतून ठेवायला लागले. वाटी पसरट घ्या, मिशा कडेला लागल्या तर त्यांना आवडत नाही. जेवणाच्या वाटीशेजारी पाणी ठेवू नका, दुसऱ्या खोलीत ठेवा. घरात चार ठिकाणी ठेवा. आमच्या शामाची आवडती जागा बाथरूममधली बादली होती, शेवटी तिथेच वाटी ठेवली.

ओलं खाणं सगळ्यात उत्तम. कोरड्यात जेमतेम दहा टक्के पाणी, ओल्यात पाऊण हिस्सा. फक्त मे महिन्यात ताटलीत अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका, उतरतं.

सातरस्ता | १ मे, रात्री ८.१५

खाणं कोमट करून द्या असं सगळीकडे लिहिलेलं असतं. सोलापुरात फ्रिजमधून काढून बाजूला ठेवलं, फोन आला, बोलून परत आलो तर आपोआप कोमट. निसर्गाची देणगी.

पुणेकर (मूळचा जुळे सोलापूर) | ३ मे, रात्री ११.३०

उशिरा आलो. आमच्या मांजराला बदल करायला सात आठवडे लागले. दोन वाट्या शेजारी ठेवायच्या, एकीत जुनं, एकीत नवं. मिसळायचं नाही सुरुवातीला, मिसळलं की दोन्ही सोडतात. जबरदस्ती नाही. नव्या वाटीत तोंड घातलं की मग हळूहळू चमचा-चमचा वाढवायचं. आठवड्याला वजन करायचं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपलीत बसवून. वजन उतरलं की मागे फिरायचं. मी रोजचं लिहून ठेवायचो, बायको म्हणायची एवढं मुलाचं दहावीला केलं नाहीस.

बोका | ४ मे, सकाळी ९.००

वाचतोय.

भवानी पेठ | १९ जून, रात्री १०.२०

दीड महिन्याने येतेय, त्याबद्दल माफी. एक गौप्यस्फोट करायचा आहे.

मे महिन्यात शेंगी औषधांनी सावरली. पुणेकरांच्या दोन वाट्यांच्या पद्धतीने सुरुवात केली. सकाळी नव्या वाटीत थोडंफार तोंड घालायची, रात्री मात्र वासही घ्यायची नाही. वजन मात्र घटत नव्हतं! आम्ही म्हटलं, हवेवर जगते की काय. एक दिवस मी ऑफिसातून दुपारीच घरी आले. सासूबाई ओसरीवर, पुढ्यात पितळी वाटी, वाटीत भाजलेलं सुकट, आणि शेंगी मांडीवर. दोघींनी एकदम माझ्याकडे बघितलं. दोघींची नजर सारखीच होती.

रोज दुपारी दोनला. निदान झालं त्या दिवसापासून. "चोरून नव्हे," त्या म्हणाल्या, "तुम्ही कुणी विचारलंत कुठे?"

मी आधी फार चिडले. मग बसून बोललो. त्यांच्या सासऱ्यांना म्हणे शेवटी डॉक्टरांनी सगळं बंद केलं होतं, भाताच्या पेजेवर ठेवलं होतं. ते पुरणपोळी मागत गेले, आणि दिली नाही. त्या एवढंच बोलल्या आणि वाटी घासायला उठल्या.

मी मावशींचा आणि डॉक्टरांचा प्रतिसाद त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. "फॉस्फरस" त्यांनी लक्षात ठेवला, त्याला त्या "तो फटाक्यातला" म्हणतात. आता दुपारचं खाणं त्यांच्याकडे दिलंय. सुकट बंद. त्याच पितळी वाटीत, त्याच मांडीवर, किडनीचं ओलं खाणं, वर चिकनचा चमचाभर रस. आणि माझ्या हातून न खाणारी ही बाई तिथे वाटी चाटून पुसून ठेवते!

सध्या साधारण साठ टक्के पथ्याचं, बाकी खिमा-पांढरं अंडं, त्यात डॉक्टरांनी दिलेली पावडर. परवा रक्त तपासलं: फॉस्फरस ६.८ वरून ५.३, क्रिएटिनिन ३.१, वजन ३.२५. ५ च्या खाली अजून आलेला नाही. पुढच्या महिन्यात परत बघू.

माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला मिळालं की नाही माहीत नाही. पूर्ण पथ्य ती कधी करेलसं वाटत नाही, आणि आम्हीही आता अडून बसत नाही.

होटगी रोड | १९ जून, रात्री १०.४१

साठ टक्के म्हणजे आमच्या मनीपेक्षा साठने जास्त. आजींना नमस्कार सांगा.

आकडेमोड | १९ जून, रात्री १०.५५

आणि सुकट बंद झाल्याचा वाटा किती, पथ्याचा किती, पावडरीचा किती, हे आता कुणालाच कळणार नाही. तीन गोष्टी एकदम बदलल्यात ताई. अभ्यासक म्हणून झोप लागणार नाही. मांजरप्रेमी म्हणून लागेल.

गोठ्यातला डॉक्टर | २० जून, सकाळी ६.००

छान. लघवीतलं प्रोटीन आणि रक्तदाब एकदा बघून घ्या. मान खाली झुकवून चालायला लागली किंवा मागचे पाय लटपटले तर थांबू नका, ते पोटॅशियम कमी झाल्याचं लक्षण असतं. आणि दुपारचं खातं आजींकडेच ठेवा.

कडक भाकरी | २० जून, सकाळी ९.३०

पितळी वाटी कुठल्या दुकानातली? बायकोला दाखवायची आहे.

अक्कलकोट नाका | ७ जुलै, दुपारी १२.१०

धागा वर काढतोय. आमच्या बोक्याला, वय अकरा, क्रिएटिनिन २.१, दुसरी पायरी सांगितली. पूर्ण धागा वाचला. आम्हीही कालपासून दोन वाट्या ठेवल्यात. नवं खात नाही, जुनंही अर्धवट सोडतो, तरी वजन ग्रॅमभरही कमी नाही. काय समजावं?

भवानी पेठ | ७ जुलै, दुपारी १२.१८

घरात आजी आहेत का?

अक्कलकोट नाका | ७ जुलै, दुपारी १२.२०

आजोबा आहेत.

भवानी पेठ | ७ जुलै, दुपारी १२.२१

दुपारी दोनला घरी जाऊन बघा.